बँडविड्थचे पैसे एकदाच घ्या

संपादक महोदय,

व्हिडिओ दाखवणाऱ्या बड्या कंपन्या इंटरनेट पुरवठादारांच्या नेटवर्कवर फुकट स्वार झाल्या आहेत, तेव्हा नेटवर्क वाढवण्याच्या खर्चात त्यांनी ‘न्याय्य वाटा’ उचलावा, ही मागणी गेली काही वर्षे जगभर जोर धरते आहे. युरोपातल्या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने ती २०१२ मध्ये दुबईच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेच्या निमित्ताने पुढे आणली होती. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने त्यावर जाहीर मते मागवली. भारतातल्या मोबाइल कंपन्यांची संघटनाही तेच म्हणत आली आहे. ऐकायला हे रास्त वाटते. ज्याच्यामुळे रस्ता भरतो त्याने रस्त्याचे पैसे द्यावेत, यात चूक काय, असे कुणालाही वाटेल.

नेटवर्कची क्षमता किती लागेल, ती कुठे आणि कधी वाढवायची, याचे नियोजन करणे हेच आमचे काम आहे, म्हणून हे पत्र. आमच्या मते ही मागणी चुकीची आहे आणि ती मान्य झाली तर नुकसान सामान्य ग्राहकाचेच होईल. ग्राहकाच्या घरापासून दोन नेटवर्क जिथे एकमेकांना जोडली जातात तिथपर्यंतचा खर्च पुरवठादाराने ग्राहकाच्या मासिक शुल्कातून भागवावा. त्या जोडणीपर्यंत आपला डेटा आणून पोचवण्याचा खर्च कंटेंट कंपनीने करावा. आणि जिथे शुल्कातून खर्च निघणे शक्यच नाही, अशा दूरच्या वस्त्यांसाठी सार्वजनिक पैसा वापरावा. असे का म्हणतो, ते जरा तपशिलात सांगावे लागेल, कारण या वादात नेमके पाणी कुठे मुरते ते तपशिलातच दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे नेटवर्कचा खर्च महिन्याभरात एकूण किती जीबी गेले यावर ठरत नाही. दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासाला एका सेकंदात किती बिट न्यावे लागतात, यावर तो ठरतो. राउटरचे कार्ड, ऑप्टिकल मॉड्यूल, भाड्याने घेतलेली लाइन हे सगळे क्षमतेच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते. पहाटे तीन वाजता ते जवळजवळ रिकामे पडून असते, तरी त्याची किंमत तीच. घाऊक बँडविड्थचे बिल कसे होते ते पाहिले की हे स्पष्ट होते. पोर्टवरून, म्हणजे यंत्राला लाइन जिथे जोडतात तिथून, किती वाहतूक (डेटा) गेली याची दर पाच मिनिटांनी नोंद होते. ३० दिवसांच्या महिन्यात अशा ८,६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या आणि त्याखाली जी पहिली नोंद येते तिच्यावर महिन्याचे बिल काढायचे, अशी सर्वमान्य पद्धत आहे. सोडून दिलेल्या नोंदी म्हणजे ३६ तास. पण संध्याकाळची गर्दी रोज चार तास धरली तरी महिन्याला १२० तास होतात. म्हणजे बिल ठरवते ती संध्याकाळच. कुणी मध्यरात्रीनंतर १०० जीबीचा गेम उतरवून घेतला तर पुरवठादाराच्या बिलात एका पैचाही फरक पडत नाही. त्याच माणसाने रात्री नऊला ५ एमबीपीएसने दीड तास चित्रपट पाहिला तर साडेतीन जीबीसुद्धा होत नाहीत, पण त्याचा भार नेमका गर्दीच्या तासावर पडतो. तरीही ‘अमुक कंपनीची वाहतूक एकूण वाहतुकीच्या इतके टक्के, म्हणून खर्चात तिचा वाटा इतके टक्के’ असे हिशेब सरकारपुढे मांडले जातात. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

आता कोंडी नेमकी कुठे होते ते पाहू. घरापर्यंत फायबर नेणाऱ्या नेटवर्कमध्ये एक्स्चेंजच्या खोलीत ओएलटी नावाचे यंत्र असते. त्याच्या एका जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याचे तंत्र) पोर्टमधून निघालेले एकच फायबर वाटेत स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटले जाते. या पोर्टची घराकडे जाणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि उलट दिशेची सुमारे १.२५ जीबीपीएस असते, आणि ती सर्व घरांत मिळून वापरली जाते. ३२ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएसचा प्लॅन विकला तर कागदावर ३.२ जीबीपीएस होतात. यात फसवणूक नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, आणि हे गृहीत धरल्याशिवाय कुणालाच परवडेल असे इंटरनेट देता येणार नाही. गर्दीच्या तासाला दर घरामागे सरासरी २.५ एमबीपीएस धरले, तर ३२ घरांचे ८० एमबीपीएस होतात. पोर्टला ते जाणवतसुद्धा नाही.

खरी अडचण त्या पोर्टच्या मागे असते. समजा ओएलटीत ८ कार्डे आहेत, प्रत्येक कार्डावर १६ पोर्ट आणि प्रत्येक पोर्टवर ३२ घरे. झाली ४,०९६ घरे. २.५ एमबीपीएसच्या हिशेबाने गर्दीच्या तासाला १०.२४ जीबीपीएस लागतात. या ओएलटीला मुख्य नेटवर्कशी जोडणारी १० जीबीपीएसची एकच लाइन असेल तर ती संध्याकाळी गळ्यापर्यंत भरणार. आलेखात तेव्हा एक खूण दिसते: रेषा चढत जाते आणि एका उंचीवर सुरीने कापल्यासारखी सपाट होते. लोक तेवढेच बँडविड्थ मागत आहेत म्हणून ती सपाट होत नाही, पुढे जायला जागा नसते म्हणून होते. त्यातही पाच मिनिटांच्या सरासरीत ८० टक्के दिसणारी लाइन सेकंदाच्या लहान लहान तुकड्यांत पूर्ण भरत असते, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत थांबतात, काही गळतात आणि व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटू लागतो. म्हणून लाइन ७० टक्क्यांवर पोचली की वाढीचे काम सुरू करायचे, शंभर टक्के होण्याची वाट पाहायची नाही, हा नियोजनातला जुना दंडक आहे. दुसरी लाइन जोडून २० जीबीपीएस केले म्हणून निर्धास्त होता येत नाही. एक लाइन तुटली तर सगळा भार दुसरीवर येतो, तेव्हा दोन्ही मिळून निम्म्याच भरलेल्या असाव्या लागतात.

वाढवतानाही चुका होतात, आणि त्या पैशाअभावी झालेल्या नसतात. दोन लाइन एकत्र बांधल्या की कोणते पॅकेट कुठल्या लाइनवरून जावे हे यंत्र पत्त्यांवरून ठरवते. ती विभागणी फक्त मॅक पत्त्यांवर (यंत्रांच्या हार्डवेअरच्या पत्त्यांवर) ठेवलेली असेल आणि दोन्ही टोकांना एकेकच राउटर असेल, तर पत्त्यांची जोडी कायम तीच राहते. मग जवळजवळ सगळी वाहतूक एकाच लाइनवर जाते, दुसरी रिकामी राहते आणि ग्राहकाची तक्रार कायम राहते. विभागणी आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट क्रमांक (प्रत्येक जोडणीचा सॉफ्टवेअरमधला क्रमांक) पाहून करायला सांगितली की प्रश्न सुटतो. हे सेटिंग बदलायला काही खर्च येत नाही. पुरवठादार ‘नेटवर्कवर असह्य ताण’ म्हणून जे सांगतात, त्यातला काही ताण असा असतो.

ओएलटीचे पोर्टच अपुरे पडू लागले तरी रस्ता खणायची गरज नसते. जीपॉन घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर आणि घराकडून १३१० नॅनोमीटरवर चालते. नव्या पिढीचे एक्सजीएस-पॉन दोन्ही दिशांना १० जीबीपीएस देते आणि त्यासाठी १५७७ व १२७० नॅनोमीटर वापरते. तरंगलांबी वेगळी असल्याने दोन्ही एकाच फायबरवर, एकाच स्प्लिटरमधून शेजारी शेजारी चालतात. एक्स्चेंजमध्ये नवे कार्ड आणि दोन्ही प्रकाश एकत्र करणारा एक लहान घटक बसवायचा, आणि ज्या घराला जादा वेग हवा आहे तिथले ओएनटी (घरातले फायबरचे यंत्र) बदलायचे, एवढेच. मुख्य शहरांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या फायबरचेही तसेच. एकाच जोडीवर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाच्या ऐंशी-नव्वद वाहिन्या चालवता येतात. नवी वाहिनी सुरू करायची म्हणजे दोन्ही टोकांना ट्रान्सपाँडर (डेटाचे प्रकाशात रूपांतर करणारे यंत्र) बसवायचे. पूर्वी एका वाहिनीवर १० जीबीपीएस जात, आता १०० आणि ४०० जीबीपीएस जातात, तेही पूर्वी पुरलेल्याच काचेतून. दर बिटामागचा यंत्रांचा खर्च सतत उतरत आला आहे. वाहतूक दुप्पट झाली म्हणजे खर्च दुप्पट झाला, असे कुणी सांगू लागले की त्याच्याकडे खरेदीच्या पावत्या मागाव्यात.

फायबरच्या नेटवर्कमधला मोठा खर्च खणण्याचा, नळ्या टाकण्याचा, परवानग्यांचा आणि खांबांच्या भाड्याचा असतो. तो एकदाच होतो आणि त्यातून किती बिट गेले याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. ही गुंतवणूक ग्राहकाच्या शुल्कातून वर्षानुवर्षे वसूल होते, व्हायलाच हवी. मोबाइलचे चित्र थोडे वेगळे आहे. तिथे टॉवरच्या एका सेक्टरमधली (एका दिशेच्या पट्ट्यातली) हवेतली क्षमता खरोखरच मर्यादित असते. ती वाढवायला जादा स्पेक्ट्रम किंवा जवळ जवळ जास्त टॉवर लागतात. पण तिथेही जागेचे भाडे, बॅटऱ्या आणि विजेचे मूळ बिल वाहतूक असो-नसो चालूच राहते.

फुकट स्वारीच्या आरोपाकडे वळू. व्हिडिओ आपणहून कुणाच्या घरात शिरत नाही. ग्राहक बटण दाबतो, मागणी पाठवतो, तेव्हा तो येतो. ग्राहकाने १०० एमबीपीएसचे पैसे भरले आहेत ते कशासाठी? इंटरनेटवर जे काही आहे ते त्या वेगाने मिळावे यासाठीच. त्याने ते मागितल्यावर ‘हे फार झाले, आता पाठवणाराही पैसे देईल’ असे म्हणणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे घेणे आहे. दुसरीकडे कंटेंट कंपन्याही आपला खर्च करतच असतात. समुद्राखालच्या अनेक नव्या केबलमध्ये आज गूगल, मेटा (फेसबुकची मालक कंपनी) यांच्यासारख्या कंपन्यांचे पैसे आहेत. नेटफ्लिक्स २०१२ पासून, आणि गूगल त्याही आधीपासून, पुरवठादारांच्या खोलीत ठेवायला कॅश सर्व्हर स्वखर्चाने देत आले आहेत. कॅशमध्ये रात्री गर्दी नसताना लोकप्रिय चित्रपटांची एकेक प्रत भरून ठेवली जाते आणि संध्याकाळी हजारो ग्राहकांना ती तिथूनच दिली जाते. पुरवठादाराला रॅकमधली थोडी जागा, वीज आणि पोर्ट द्यावे लागते, पण त्याचे घाऊक बँडविड्थचे बिल खाली येते.

कॅशमुळे सगळे प्रश्न मिटतात असा आमचा दावा नाही. पुरवठादार म्हणतात की कॅशपासून घरापर्यंतचा भार तसाच राहतो, आणि ते खरे आहे. पण तो घरापर्यंतचा भागच तर ग्राहकाला विकलेला आहे. थेट प्रक्षेपित होणाऱ्या सामन्याला रात्री भरून ठेवण्याची युक्ती चालत नाही. तिथे सामन्याच्या आधी कॅशची व पोर्टची क्षमता वाढवून ठेवावी लागते, आणि त्यासाठी प्रसारण करणाऱ्याने पुरवठादारांना अपेक्षित प्रेक्षकसंख्या आधी कळवली पाहिजे. लहान पुरवठादारांची अडचणही खरी आहे. ठरावीक किमान वाहतूक असल्याशिवाय त्यांना कॅश मिळत नाही, आणि त्यांना सगळे दूरच्या मोठ्या कंपनीकडून महाग ट्रान्झिटने (पैसे देऊन दुसऱ्याच्या नेटवर्कमार्गे) आणावे लागते. त्यावर उपाय इंटरनेट एक्स्चेंजचा, म्हणजे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडण्याच्या सामाईक जागेचा. तिथे एक पोर्ट घ्यायचा, रूट सर्व्हर या सामाईक यंत्राशी बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) सत्र जोडायचे, आणि तिथे हजर असलेल्या बऱ्याच नेटवर्कशी वाहतुकीची देवाणघेवाण सुरू होते. पोर्टचे ठरलेले भाडे द्यायचे, दर एमबीपीएसला पैसे मोजायचे नाहीत. सामाईक कॅशही तिथे ठेवता येतो. सरकारला लहान पुरवठादारांचा कळवळा असेल तर अशी एक्स्चेंज जिल्ह्याच्या पातळीवर पोचवावीत. जादा शुल्काचा कायदा झाला तर त्यातला बहुतेक पैसा मोठ्या पुरवठादारांकडेच जाईल, कारण वाटाघाटी करण्याचे बळ त्यांच्याकडेच आहे.

पाठवणाऱ्याकडून पैसे घेण्याचा प्रयोग दक्षिण कोरियाने करून पाहिला आहे. २०१६ पासून तिथल्या मोठ्या पुरवठादारांमध्ये नियम असा झाला की ज्याच्या नेटवर्कवरून वाहतूक निघते त्याने समोरच्याला पैसे द्यायचे. फेसबुकचा कॅश ज्या पुरवठादाराकडे होता, त्यालाच या नियमामुळे इतरांना पैसे द्यायची वेळ आली. म्हणजे लोकप्रिय कंटेंट आपल्याकडे ठेवणे हाच तोट्याचा धंदा झाला. पुढे फेसबुकने इतर दोन पुरवठादारांच्या ग्राहकांची वाहतूक देशाबाहेरच्या वाटेने वळवली आणि त्या ग्राहकांना वेग कमी मिळू लागला. नियामकाने २०१८ मध्ये फेसबुकला दंड केला, तो न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द ठरवला. नेटफ्लिक्स आणि तिथला पुरवठादार एसके ब्रॉडबँड यांच्यातला नेटवर्क शुल्काचा खटला २०२० ते २०२३ चालला आणि शेवटी तडजोडीत संपला. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने २०२२ मध्ये तिथल्या प्रेक्षकांसाठी चित्राचा दर्जा ७२० पिक्सेलवर आणला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातून गाशा गुंडाळला. जाताना कंपनीने कारण दिले ते हेच, की बहुतेक इतर देशांच्या तुलनेत तिथला नेटवर्कचा खर्च दहापट होता. जगातल्या सर्वांत वेगवान नेटवर्कपैकी एक असलेल्या देशात हे घडले.

जर्मनीचे उदाहरण याहून अलीकडचे. मे २०२४ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने मेटाने डॉइच टेलिकॉम या पुरवठादाराला नेटवर्क जोडणीच्या वापरापोटी सुमारे २ कोटी युरो द्यावेत असा निकाल दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेटाने थेट जोडणी बंद करून ती वाहतूक तिसऱ्या कंपनीच्या ट्रान्झिटमार्गे पाठवायला सुरुवात केली. नेटवर्क चालवणाऱ्या माणसाला यातले नुकसान लगेच कळते. थेट जोडणीत दोन राउटरांमध्ये एक केबल असते. ट्रान्झिटमध्ये मध्ये तिसरा येतो, त्याचे पोर्ट भरले तर दोष कुणाचा यावर तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ग्राहक राउटर बंद-चालू करत बसतो.

अमेरिकेत २०१४ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने कॉमकास्ट या पुरवठादाराशी पैसे देऊन थेट जोडणीचा करार केला. त्याआधी वाद होता तो मध्यस्थ कंपन्यांशी असलेल्या जोडणीच्या पोर्टचा. ते संध्याकाळी भरत होते आणि ते कुणाच्या खर्चाने वाढवायचे यावर अडले होते. असा पोर्ट वाढवणे म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक मॉड्यूल, एक फायबर पॅच आणि काही ओळींचे सेटिंग. एवढे साधे काम अडू शकते, कारण ग्राहकापर्यंत पोचायला त्याच्या पुरवठादाराखेरीज दुसरी वाटच नसते. दूरध्वनीच्या जमान्यातही हेच होते. समोरच्या कंपनीचा कॉल आपल्या ग्राहकापर्यंत नेण्याचे शुल्क नियामकांना ठरवून द्यावे लागे, नाहीतर प्रत्येक कंपनी मनाला येईल तो आकडा लावती. भारतात मोबाइल कॉलवरचे हे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. कॉलमधून जे काढून टाकायला इतकी वर्षे लागली, ते डेटामध्ये पुन्हा आणू नये. युरोपातल्या नियामकांच्या मंडळानेही ऑक्टोबर २०२२ च्या प्राथमिक निष्कर्षांत असे शुल्क लावण्यासाठी पुरेसा आधार दिसत नाही असेच म्हटले होते.

कंटेंट कंपन्यांना मात्र आम्ही मोकळे सोडणार नाही. संध्याकाळच्या गर्दीचा एक भाग त्यांच्या बेफिकिरीतून येतो. पाच-सहा इंचांच्या फोनवर ४के चित्र पाठवण्यात अर्थ नाही. ४के ला सुमारे १५ एमबीपीएस लागतात, १०८० ला ५ पुरतात आणि ७२० ला ३. एच.२६४ या जुन्या कोडेकच्या (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीच्या) तुलनेत एचईव्हीसीसारखे नवे कोडेक त्याच प्रतीचे चित्र जवळपास निम्म्या बिटांत देतात. ज्या कंपन्या जुनेच चालू ठेवतात त्या सगळ्यांच्याच नेटवर्कवर निष्कारण भार टाकतात. कुणी पाहत नसताना एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे थांबवता येते. गेमचे १०० जीबीचे अपडेट संध्याकाळी सहाला सगळ्यांना एकदम खुले करण्याऐवजी आदल्या रात्रीपासून कुलूपबंद फाइल उतरवू द्यावी आणि ठरल्या वेळी फक्त किल्ली पाठवावी. हे ठरवून करता येते, याचा पुरावा मार्च २०२० मध्ये मिळाला. टाळेबंदीत युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने युरोपातला बिटरेट कमी करून आपली वाहतूक सुमारे २५ टक्क्यांनी घटवली. त्यासाठी एकाही पुरवठादाराला पैसे द्यावे लागले नव्हते.

जास्त वापरणाऱ्या ग्राहकाने जास्त द्यावे का, असाही प्रश्न येतो. वेगाप्रमाणे दर वेगळे असावेत, हे योग्यच. पण महिन्याला अमुक जीबी झाले की दिवसभर वेग तोडायचा, हा उपाय वर सांगितलेल्या कारणाने निशाण्यावर लागत नाही. पहाटे डेटा उतरवणाऱ्याला शिक्षा होते आणि संध्याकाळची गर्दी तिथेच राहते. त्याऐवजी लाइन भरलेली असेल तेवढ्याच वेळेपुरती उपलब्ध क्षमता ग्राहकांत समान वाटावी. कुठले ॲप चालले आहे हे न पाहता फक्त ग्राहकागणिक रांग लावली की एकाच्या डाउनलोडमुळे शेजाऱ्याची ऑनलाइन तासिका अडत नाही. आजच्या राउटरांत ही सोय असते. ती चालू करायची इच्छा हवी.

दूरच्या वस्त्यांचा प्रश्न उरतो. वीस किलोमीटर खणून शंभर घरांना जोडायचे असेल तर त्या घरांचे शुल्क कधीच खर्चाला पुरे पडणार नाही. इथे सार्वजनिक निधी हवा आणि तो बहुतेक देशांत आहेही. भारतात दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के डिजिटल भारत निधीकडे जातात. अमेरिकेत असाच निधी जुन्या दूरध्वनी-महसुलावर आकारला जातो, तो महसूल आटत गेल्याने आकारणीचा दर ३० टक्क्यांच्या वर गेला आहे. अशा निधीत मोठ्या कंटेंट कंपन्यांनीही भर घालावी असे सरकारला वाटले, तर आमचा त्याला विरोध नाही. तो कर असेल, सर्वांना एकाच नियमाने लागू असेल आणि सरकारी तिजोरीत जाईल. फरक इथेच आहे: करामुळे कुणाचे पॅकेट कुणी अडवत नाही, पुरवठादाराला थेट द्यायच्या शुल्कामुळे ते अडवण्याचे कारण मिळते. या निधीतून जे खणले जाईल त्यात २४ ऐवजी ९६ तारांची केबल टाकावी, कारण खणण्याच्या खर्चापुढे जादा तारांची किंमत किरकोळ असते. सोबत किमान दोन रिकाम्या नळ्या ठेवाव्यात, आणि कोणत्याही पुरवठादाराला समान भाड्याने फायबर मिळेल अशी अट निविदेतच घालावी. नाहीतर एकाच रस्त्याच्या कडेला दर दोन वर्षांनी नवा चर खणला जातो आणि प्रत्येक वेळी आधीची केबल तुटते.

आपल्याकडची कोंडी कुठे आहे, हे वाचकांनाही ढोबळपणे शोधता येईल. राउटरला लॅन केबल लावून रात्री नऊला आणि पहाटे वेग मोजावा. मोजताना एकदा पुरवठादाराचाच सर्व्हर निवडावा आणि एकदा दुसऱ्या नेटवर्कवरचा. पुरवठादाराच्या सर्व्हरवरही रात्री वेग पडत असेल आणि पहाटे पूर्ववत होत असेल, तर त्याची आतली लाइन भरली आहे. त्याच्या सर्व्हरवर रात्रीही पूर्ण वेग मिळत असेल आणि बाहेरच्यावर पडत असेल, तर जोडणीचा किंवा ट्रान्झिटचा पोर्ट भरलेला असण्याची शक्यता जास्त. चोवीस तास सारखाच वाईट वेग असेल तर दोष बहुधा घराच्या लाइनमध्ये असतो. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहावी. उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या शक्तीचे माप) आसपास किंवा त्याखाली असेल तर कुठेतरी फायबर वाकले आहे किंवा कनेक्टर मळला आहे. या तिन्हींपैकी एकही दुरुस्ती कंटेंट कंपनीने पुरवठादाराला वाटा दिल्यामुळे होणारी नाही. पहिली आणि तिसरी पुरवठादाराने आपल्या नेटवर्कमध्ये करायची आहे. दुसरीत थेट जोडणीचा (पीअरिंगचा) पोर्ट असेल तर दोघांनी आपापल्या बाजूचा वाढवायचा आहे, ट्रान्झिट असेल तर पुरवठादाराने जादा घ्यायचे आहे.

म्हणून नियामकाकडे आमची मागणी अशी आहे. ‘न्याय्य वाट्या’वर आणखी चर्चासत्रे घेण्याआधी प्रत्येक मोठ्या पुरवठादाराला दर महिन्याला काही आकडे जाहीर करायला लावावेत: गर्दीच्या तासाला दर ग्राहकामागे सरासरी किती एमबीपीएस लागले, ओएलटी आणि टॉवरच्या मागच्या किती लाइन ७० टक्क्यांच्या वर गेल्या, दुसऱ्या नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टपैकी किती ८० टक्क्यांच्या वर होते आणि किती दिवस, आणि कॅशमधून किती वाहतूक भागली. हे सगळे आकडे पुरवठादारांच्या देखरेखीच्या यंत्रणेत आजही दर पाच मिनिटांनी नोंदले जात असतात, त्यासाठी नवे काही बसवावे लागणार नाही. आणि थेट जोडणीचा पोर्ट सलग दोन आठवडे गर्दीच्या तासाला ८० टक्क्यांच्या वर राहिला, तर दोन्ही बाजूंनी आपापल्या बाजूचे कार्ड व मॉड्यूल स्वखर्चाने घालून ३० दिवसांत तो वाढवावा, न वाढवल्यास कारण लेखी जाहीर करावे, असा नियम करावा.

आपले,
नेटवर्क नियोजनाच्या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते